मिशी आणि मास्क

मी घोरतो हे आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. मधेच माझा श्वास थांबतो, हे फक्त बायकोला. झोपेच्या तपासणीत आकडा आला 38. म्हणजे तासाला सरासरी 38 वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो. 5च्या आत असेल तर ठीक, 30च्या वर गंभीर. डॉक्टरांनी सीपॅप नावाचं मशीन लिहून दिलं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट बंद होते. ती दाबाच्या हवेनं उघडी ठेवायची, एवढंच मशीनचं काम. ऑक्सिजन वगैरे काही नाही, खोलीतलीच हवा. पण मास्क चढवून आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. श्वास सोडताना समोरून कोणी ढकलतंय असं वाटायचं. रात्री झोपेतच मी मास्क ओढून काढायचो. सकाळी तो उशीखाली फुसफुसत सापडायचा.

तंत्रज्ञ म्हणाला, सवय दिवसा करा. मग संध्याकाळच्या बातम्या मी मास्क लावून बघू लागलो. दाब 4वर सुरू होऊन हळूहळू 11वर जाईल अशी सोय मशीनमध्ये असते. ती लावल्यावर ढकलाढकल कमी झाली.

अडली ती मिशी. मास्कची सिलिकॉनची कड तिच्यावर नीट टेकेना. फटीतून सुटलेली हवा थेट डोळ्यांत. सकाळी डोळे लाल. विक्रेता म्हणाला, "काका, मिशी काढून टाका की." मिसरूड फुटल्यापासून वस्तरा न लागलेली मिशी! शेवटी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क घेतला. मिशी वाचली, पण आता तोंड उघडं पडून हवा तिकडून पळायची. जीभ कोरडी ठक्क. त्यावर हनुवटीला पट्टा आला.

माझी कुरकुर ऐकून डॉक्टरांनी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांची गोष्ट सांगितली. त्यांनी हा उपाय 1981 साली जगापुढे मांडला. तोवर गंभीर रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवत. त्यानंतर पट्ट्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

आता आकडा 5च्या खाली असतो. दुपारी खुर्चीत डुलकी लागत नाही. उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय. पूर्वी लग्नघरी माझं अंथरूण कुठे पडतंय ते बघून पाहुणे आपली गादी उचलायचे. आता चहाच्याही आधी मीच विचारतो, "पलंगाजवळ प्लग कुठे आहे?"