भूकंपाच्या नावावर

जपानमध्ये भाड्याचं घर घेताना अग्निविमा जवळजवळ सक्तीचाच असतो. दोन वर्षांचा हप्ता एकदम भरायचा, एजंट बोट ठेवेल तिथे सही करायची आणि ते जाड पाकीट कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकून द्यायचं. आम्हीही तेच केलं. नावात आग आहे म्हणजे आग लागली तरच उपयोग, ही आमची समजूत. मी जपानी भाषेची तिसऱ्या पातळीची परीक्षा पास झालेली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींच्या बायका पत्रं वाचून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि त्याचा मला थोडा तोराही आहे. पण स्वतःच्या घरची पॉलिसी मी उघडूनही पाहिली नव्हती.

टीव्ही फुटला तो जूनमध्ये. तोक्योतला जून म्हणजे त्सुयु, तिथला पावसाळा. आपल्यासारखा धो धो नाही, नुसती पिरपिर. एदोगावा वॉर्डातल्या आमच्या दोन खोल्यांत पोरं दिवसभर अडकलेली. धाकटा पहिलीत. त्याचं टीव्हीचं वेड कमी व्हावं म्हणून मीच त्याला केंदामा आणून दिला होता. लाकडी दांडा, त्याला दोरीने बांधलेला भोक पडलेला लाकडी गोळा, गोळा उडवायचा आणि वाटीत झेलायचा किंवा टोकावर अडकवायचा. शाळेनंतरच्या पाळणाघरात सगळी मुलं खेळतात. गोळा दिसायला खेळण्यातला, पण चांगला सहा सेंटिमीटर व्यासाचा आणि भरीव. मी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होते. बाहेर गोळा गोल गोल फिरवणं चाललं होतं, ते मला ऐकू येत होतं, आणि ‘आता थांब’ म्हणायचं मी फोन संपेपर्यंत पुढे ढकललं.

आवाज फार मोठा झाला नाही. मी बाहेर आले तेव्हा पडद्याच्या बरोबर मध्ये लिंबाएवढा गोल तडा होता. त्यातून काळी शाई सांडल्यासारखे डाग हळूहळू पसरत होते, आणि उजव्या बाजूला हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा. आवाज मात्र ठणठणीत चालू. कुणीतरी भोपळी मिरची कशी चिरायची ते आनंदाने सांगत होतं. थोरलीने आधी “मी नाही” म्हणून घेतलं. धाकटा केंदामा पाठीमागे लपवून उभा होता, दोरी खाली लोंबकळत होती.

मी ओरडले. किती आणि काय, ते लिहीत नाही, पण शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू गेलं असणार, आणि जपानी भिंतीपलीकडून कुणी काही बोलत नाही, त्याची आणखी लाज. त्या ओरडण्यात टीव्हीपेक्षा स्वतःवरचा राग जास्त होता. त्याला ते कसं कळणार?

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं की पॅनेल बदलायला जवळजवळ नव्या टीव्हीएवढाच खर्च येतो. एलसीडीत दोन काचांच्या मधे द्रवस्फटिक असतं. काच फुटली की पॅनेल अख्खंच बदलावं लागतं, डागडुजी नाही. तो टीव्ही घेऊन फार दिवस झाले नव्हते, आणि घेतला होता सासूबाई तीन महिने राहायला आल्या तेव्हा, त्यांच्या सोयीसाठी.

टीव्ही फुटला त्याच दिवशी सकाळी एक बारीक धक्का बसला होता. त्या टीव्हीवरच, वरच्या पट्टीत, एनएचकेने दोन-तीन मिनिटांत दाखवलं होतं: आमच्या भागात शिन्दो 2. शिन्दो म्हणजे त्या त्या ठिकाणी जाणवलेली तीव्रता. 0 ते 7, त्यातही 5 आणि 6 चे दोन-दोन भाग, अशा दहा पायऱ्या. 2 म्हणजे घरात बसलेल्यांना हललेलं कळतं, टांगलेला दिवा थोडा झुलतो, बास. पण संध्याकाळी सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटक्या पडद्याचा फोटो टाकताना माझ्या बोटांनी खाली लिहिलं, “भूकंपाचा प्रसाद! वरच्या फळीवरची फुलदाणी पडली.” पोराला वाचवायला म्हणून लिहिलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर ‘घरात असून तुझं लक्ष कुठे होतं’ हे ऐकायचं नव्हतं.

सासूबाईंनी रडकुंडीला येऊन फोन केला, “सगळं सोडा आणि पुण्याला या.” धाकट्या दिराने फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, “वहिनी, भूकंपाने नेम धरून चेंडू मारला का?” त्याला मी हसरा चेहरा पाठवून गप्प केलं.

माझ्या आईला सांगितल्यावर ती काहीच बोलली नाही. मी लातूर जिल्ह्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारी हललं तेव्हा मी शाळेत जायच्या वयाची होते. आमच्या गावची घरं उभी राहिली, पण आईच्या माहेरच्या गावी दगडमातीच्या भिंतींखाली तिचे दोन चुलते गेले. पुढे कितीतरी वर्षं ती रात्री दाराशी चपला आणि बॅटरी ठेवून झोपायची. फोनवर तिने एवढंच विचारलं, “पोरं कुठं होती तेव्हा?” आणि मी म्हणाले, “शाळेत.” फुलदाणीपेक्षा हे खोटं मला जास्त लागलं. तरी ते मी मागे घेतलं नाही.

किल्लारीचाच एक हिशेब माझ्या डोक्यात घट्ट बसला होता. भूकंप ही दैवी आपत्ती, तिच्यात ज्याचं गेलं त्याला सरकार पत्रे देतं, घर देतं. पोराने फोडलं तर ते आपलं आपण निस्तरायचं, त्याचे पैसे कोण देणार? म्हणून मी कपाटातलं पाकीट काढलं, मागच्या पानावरचा नंबर फिरवला आणि विमा कंपनीच्या बाईंना माझ्या चांगल्यातल्या चांगल्या जपानीत सांगितलं की भूकंपात आमचा टीव्ही फुटला.

बाईंचा आवाज फार गोड होता. कोणत्या तारखेचा, किती वाजताचा भूकंप, असं त्यांनी विचारलं. इथे हवामान संस्थेकडे प्रत्येक धक्क्याची गावागणिक नोंद असते आणि ती कुणालाही पाहता येते, हे मला ठाऊक होतं. तरी मी तारीख सांगितली. क्षणभर कळफलक वाजला. मग त्यांनी खूप माफी मागत सांगितलं की अग्निविम्यात भूकंपाने झालेलं नुकसान येत नाही, त्याला वेगळा भूकंपविमा घ्यावा लागतो, तो आमच्याकडे नाही. असता तरी एका टीव्हीने काही झालं नसतं. 1964 च्या निइगाताच्या भूकंपानंतर, 1966 मध्ये कायदा करून सरकारच्या पाठबळावर हा विमा सुरू झाला. त्यात घरातल्या एकूण सामानाचं निदान 10 टक्के नुकसान झालं तर सगळ्यात खालची पायरी मिळते, म्हणजे विम्याच्या रकमेच्या 5 टक्के. देशभर धक्के बसणाऱ्या मुलुखात दुसरं कसं परवडणार म्हणा! आपल्याकडे 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आगीबरोबर भूकंपही धरलेला आहे, आणि मी तोच नियम इथे गृहीत धरून बसले होते.

बाई फोन ठेवेनात. “त्या वेळी घरात मुलं वगैरे खेळत होती का?” त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. मला वाटलं, आता चोरी पकडली. मी घाईघाईने म्हणाले, “नाही, नाही. मुलं शाळेत होती.” “कळलं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा माफी मागितली.

त्या बाईंनी दार उघडून धरलं होतं, आणि मी ते आतून लावून घेतलं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. धाकट्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या जपानी आईला मी (तिला मात्र खरं) सांगितलं तर ती पटकन म्हणाली, “मग विम्याचे पैसे घेतलेत ना?” तिच्याकडे मुलीने लॅम्प ओढून टीव्हीवर पाडला होता. सामानाच्या विम्यात अचानक झालेल्या मोडतोडीचं एक कलम असतं. सगळ्याच पॉलिसींत नसतं, आणि मोबाइल, लॅपटॉप बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. पण जिथे असतं तिथे माहितीपत्रकात उदाहरण म्हणून नेमकं हेच छापतात: मुलाने खेळताना टीव्ही फोडला. घरी येऊन आमची पॉलिसी काढली. कलम होतं. त्याच्यासोबत एक छोटं चित्रही होतं, रडणारा मुलगा, फुटका टीव्ही आणि कपाळाला हात लावलेली आई. ठरावीक रक्कम आपण सोसायची, वरचं ते देणार. मुलाने मुद्दाम नाही फोडलं, एवढंच हवं.

आणि टीव्ही? तो मी आधीच घालवून टाकला होता. जपानमध्ये टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी मोठ्या कचऱ्यातसुद्धा टाकता येत नाहीत. 2001 पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांच्या पुनर्वापराचा खर्च टाकणाऱ्याने द्यायचा. पोस्टात जाऊन फॉर्म भरा, टीव्हीसाठी साधारण तीन हजार येन, न्यायला येणाऱ्याचे वेगळे. त्याऐवजी गल्लीतून भोंग्यावर ‘जुन्या वस्तू फुकट नेतो’ म्हणत फिरणारा छोटा ट्रक मी थांबवला. टीव्ही गाडीत चढल्यावर त्या माणसाने ‘चढवण्याचे’ म्हणून पोस्टातल्याहून जास्त पैसे मागितले, आणि मी दिले. घरचा कचरा न्यायला पालिकेचा परवाना लागतो, हे वॉर्डाच्या पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रकही त्याच कप्प्यात होतं. आता दाव्याला मॉडेल नंबरचा फोटो नाही, ‘दुरुस्त होणार नाही’ असा दुकानाचा कागद नाही. आहे तो फक्त ग्रुपवरचा फोटो, खाली माझ्या हाताने लिहिलेल्या प्रसादासकट.

धाकट्याने या सगळ्यातून स्वतःचा मार्ग काढला. थोरलीने रचलेला ठोकळ्यांचा मनोरा त्याच्या कोपराने पडला, तर म्हणाला, “जिशिन.” भूकंप. दुधाचा पेला कलंडला, जिशिन. थोरली चिडून माझ्याकडे यायची आणि मला त्याला रागवायला तोंड नव्हतं. मग एक दिवस शाळेच्या निरोपाच्या वहीत बाईंनी लिहून पाठवलं की घरी भूकंपात टीव्ही पडल्याचं मुलाने वर्गात सांगितलं, कुणाला लागलं तर नाही ना, आणि कपाटं-शेल्फं भिंतीला पक्की केली आहेत ना, ते एकदा पाहून घ्यावं. इथे शाळेत वर्षभर भूकंपाच्या कवायती चालतात, मुलं बाकाखाली शिरतात. बाईंनी ते मनापासून लिहिलं होतं. बहुधा त्या दिवशी वर्गात सगळ्यांना टीव्ही बांधून ठेवायला सांगितलं असेल, आमच्या घराचं उदाहरण देऊन.

मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्यादेखत, त्याला वाचता येईल अशा हिरागाना लिपीत लिहिलं: टीव्ही भूकंपाने फुटला नाही. केंदामाने फुटला. भूकंपाने म्हणून मी खोटं सांगितलं होतं. त्याने एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, “आजीला पण लिहिणार?” दुसऱ्या दिवशी वहीत बाईंचा ‘पाहिलं’ म्हणून लाल शिक्का होता, बाकी काही नाही.

सासूबाईंना सांगितलं. त्या जेवढ्या रागावतील वाटलं होतं तेवढ्या रागावल्या नाहीत, पण “मी इथे रात्र रात्र झोपले नाही गं,” एवढं म्हणाल्या, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या आईला सांगायला आणखी बरेच दिवस लागले. तिला फोनवर नाही, सुटीत गावी गेल्यावर सांगितलं. ती भाजी निवडत होती. “मला वाटलंच होतं,” म्हणाली, “शाळेत होती म्हणालीस तेव्हा रविवार होता.”

नवा टीव्ही छोटा आहे, आणि मागून पट्ट्याने बांधलेला आहे. केंदामा बाहेर, पार्कात. विम्याचा दावा करायचा हक्क कायद्याने तीन वर्षं राहतो, ती मुदत अजून संपलेली नाही. नवरा अधूनमधून म्हणतो, खरं काय ते सांगून एकदा विचार तर, फार तर नाही म्हणतील. त्याचं बरोबर आहे. पण त्यांच्या संगणकात माझ्या पहिल्या फोनची नोंद आहे: कारण भूकंप, मुलं शाळेत. त्या बाईच परत फोनवर आल्या, तर काय म्हणायचं, ते वाक्य मला अजून जपानीत जमलेलं नाही. मराठीतही नाही.