अंथरुणावरची नजर

इटालियन कादंबरीकार आल्बेर्तो मोराव्हियाची शाळा अंथरुणावरच भरली. १९०७ साली रोममधल्या सुखवस्तू घरात जन्मलेल्या या मुलाला नवव्या वर्षी हाडांचा क्षय जडला आणि पुढची पाचेक वर्षं दुखण्यातच गेली. अखेरचा काळ कोर्तिनाच्या डोंगरातल्या सॅनिटोरियममध्ये. मुलगा वाचत राहिला. बरा झाल्यावर लिहू लागला आणि १९२९ मध्ये ‘ग्ली इंदिफेरेंती’ ही पहिली कादंबरी आली, तीही वडिलांच्या पैशाने छापलेली. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. रोमच्या बड्या घरांतला कोरडेपणा इतक्या थंडपणे पाहणारी नजर त्या वयात कुठून आली? पडून राहून माणसं न्याहाळायची सवय त्याला आजारानेच लावली असावी.

१९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या रोममध्ये, अटकेच्या यादीत आपलं नाव असल्याचं कळलं, तसा तो पत्नी एल्सा मोरान्तेला घेऊन शहरातून निसटला. एल्साही मोठी कादंबरीकार. दोघांनी फोंदीजवळच्या डोंगरात एका झोपडीत सुमारे नऊ महिने काढले. ‘ला चोचारा’ ही कादंबरी त्या दिवसांतूनच उगवली. रोममधली दुकानदारीण विधवा चेझिरा पोरीला जपायला माहेरच्या डोंगरात नेते. बाँब चुकवते, भूक काढते, आणि युद्ध सरलं असं वाटत असतानाच एका चर्चमध्ये मायलेकींवर सैनिक तुटून पडतात. १९६० मध्ये दिग्दर्शक दे सिकाने त्यावर चित्रपट केला. कादंबरीतली तरुण मुलगी पडद्यावर कोवळी पोर झाली, आणि आई झालेल्या सोफिया लॉरेनला ऑस्कर मिळालं.

त्याच्या कथांवर गोदार, बेर्तोलुची यांनीही चित्रपट केले. तो स्वतः मात्र ‘लेस्प्रेसो’ साप्ताहिकासाठी इतरांचे चित्रपट पाहून लिहीत राहिला. कादंबरीकाराला हे काम कमीपणाचं वाटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १९७५ मध्ये त्यातली १४८ चित्रपटांवरची परीक्षणं ‘आल चिनेमा’ या पुस्तकात आली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा मित्र, कवी आणि दिग्दर्शक पासोलिनी याचा खून झाला. १९६१ च्या सुरुवातीला दोघे बरोबरच मुंबईत उतरले होते. त्या भारतभेटीवर दोघांनीही पुस्तकं लिहिली. रोमच्या कांपो दे फिओरी चौकात, अंत्यविधीच्या गर्दीपुढे, मोराव्हिया बोलायला उभा राहिला. एरवी थंड डोळ्यांनी पाहणारा हा माणूस तिथे अक्षरशः ओरडला: आपण एक कवी गमावला आहे, आणि शतकात असे कवी जन्मतात तरी किती!