सीझनच्या आधी

"ताई, पंधरा एप्रिलच्या आत खोली मोकळी करून द्या." होळी झाली की घरमालक काका दरवर्षी हे सांगायला यायचे. आवाज कधी चढवला नाही, आईनेही कधी वाद घातला नाही. महाबळेश्वरच्या बाजारामागे दहा बाय बाराच्या त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. वडील एका हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली, आई दुसऱ्या हॉटेलच्या चादरी धुवायला. सीझनला आमच्या खोलीत पर्यटक उतरायचे. आमचं महिन्याचं भाडं काकांना त्यांच्याकडून तीन रात्रींत सुटायचं.

काकांना मी दोष देत नाही. पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, सडलेले वासे बदलायचे, हे सगळं त्या दोन महिन्यांच्या कमाईवरच भागायचं.

माझी सातवीची वार्षिक परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली. लोखंडी ट्रंक, वळकट्या, घासलेटचा स्टोव्ह हातगाडीवर चढवला आणि आईने कुणाच्या तरी हातापाया पडून हॉटेलच्या चादरींच्या खोलीत चार रात्रींची सोय केली. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मी इतिहास वाचला. अजूनही निळीचा वास आला की मला सनावळ्या आठवतात. परीक्षा संपली की आई आम्हाला घेऊन तापोळ्याकडच्या गावी जायची. वर्गात मी सांगायचो, सुट्टीला मामाकडे जातोय. वडील सीझनभर हॉटेलच्या कोठीत झोपायचे. आषाढसरी सुरू झाल्या की काकांचा निरोप यायचा आणि गळकी, ओलीगच्च खोली पुन्हा आमची व्हायची. शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून आई आमचे शाळेचे कपडे वाळवायची.

आज मी हॉटेलात हिशेब लिहितो, पण राहतो वाईत आणि रोज एसटीने पसरणी घाट चढतो. वर भाड्याने घर परवडत नाही, परवडलं तरी बारा महिने कुणी देत नाही. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि बांधकामावर बंधनं आली. ती हवीतच. हे डोंगर आणि ही झाडं राहिली तरच गाव राहील. पण मोजक्या जागेत जे बांधलं जातं, ते आधी पाहुण्यांसाठी. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये देतात. ज्याच्या नावावर अर्धा गुंठाही नाही, त्याने ते कशावर बांधायचं? आम्हाला मालकीचं घर नकोच होतं. वर्षभर कुणी उठवणार नाही अशी भाड्याची खोली हवी होती. शहरी गरिबांसाठी भाड्याच्या घरांची योजना केंद्राने २०२० साली आणली. तिचा विचार करून गिरिस्थान नगरपरिषदेने हॉटेल कामगारांसाठी चाळीस-पन्नास खोल्या जरी उभ्या केल्या, तरी कितीतरी मुलांचं एप्रिलमधलं छप्पर टिकेल.

आमच्या हॉटेलातल्या एका रूमबॉयला परवाच खोली सोडायचा निरोप आला. त्याच्या मुलीची सातवीची परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.