पाडपाचा दिवस

आज पाडेली आला. दीड-दोन महिन्यांनी माड उतरवायचे म्हटलं की त्याच्या मागे लागावं लागतं. गावात चढणारे उरलेत मोजके, आणि पोरं गोव्याला हॉटेलात.

त्याची हत्यारं किती थोडी! पायांत अडकवायला दोरीचा वेढा, कमरेच्या आकडीला कोयता. बस्स. वेढा ताणून तळवे खोडाला दाबले की पकड बसते, मग हात वर, पाय वर. नडग्यांवर आणि छातीवर त्याच्या घट्टे पडलेत. शेंड्याशी गेला की नारळ पाडण्याआधी तो पेंडीवर कोयत्याची पाठ वाजवून पाहतो, सुकी झावळी ओढून काढतो, सुईजवळ भुंग्याचं भोक दिसलं तर वरूनच ओरडतो. हे सगळं त्याच मजुरीत.

नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात तरुणांना यंत्राने चढायला शिकवायला सुरुवात केली. दोन पावठ्या, खोडाभोवती तारेचा वेढा; उभ्या उभ्या चढायचं. नवख्याला सोयीचंच. मी विचारलं, काका, तुम्ही का नाही घेत?

"ह्यां यंत्र लावीसर माझे दोन माड होतत."

पैसे माडामागे मिळतात, तेव्हा हिशेब चोख आहे. प्रत्येक माडाला यंत्र नव्याने बांधा, पुन्हा सोडवा. कमरेला पट्टा मात्र त्याने लावावा असं मला वाटतं. पावसात शेवाळलेल्या खोडावर नुसत्या वेढ्याचा भरवसा मी तरी धरणार नाही. त्यावर तो हसला आणि विहिरीकडच्या वाकड्या माडाकडे वळला.