धाग्याचा माग

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या आमच्या कन्येने गेल्या मार्गशीर्षात बाळासाठी एक झबले मागविले. झबले मऊ व सुबक होते. त्याच्या गळ्याशी एक चिठ्ठी शिवलेली असून तीवर 'सेंद्रिय कापूस' अशी अक्षरे होती. घरातील मंडळींनी ते हातोहाती पाहिले व वाखाणले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र चिठ्ठी वाचून एवढेच विचारले, "सेंद्रिय म्हणजे विषावाचून पिकलेला ना? मग कोणाच्या शेतातला, हे का नाही लिहिले?" सारा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यात घालविलेल्या आम्हांस या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

आमच्या आईच्या वेळी हा प्रश्नच उद्भवत नसे. परसात विहिरीपलीकडे देवकापशीचे झाड होते. दुपारची जेवणे आटोपली की आई त्याच्या कापसातील सरकी बोटांनी काढी व वाती वळीत बसे. मनुस्मृतीत ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कापसाचे असावे असे सांगितले आहे. आमच्या घरी तेही याच कापसाचे होई. झाड, हात आणि वात यांच्यामध्ये चौथा कोणी नव्हता. आता मध्ये किती जण आहेत, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे मनात आले. झबल्याच्या मागे जाणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु आपल्याच जिल्ह्यात कापडापासून शेतापर्यंत उलट चालत जाण्यास कोणाची आडकाठी होती?

वाचकांपैकी ज्यांना हा प्रदेश परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मलिक अंबराने 1610 साली वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली व 2023 पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखली जाते. वस्त्रांशी या भूमीचा संबंध मात्र याहून फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांनी भडोच बंदराकडे माल जात असे, असा उल्लेख आहे. पैठणपासून भडोच वीस दिवसांच्या वाटेवर होते. तगराहून निघणाऱ्या मालात साधे कापड व तलम वस्त्रे असत. आपला 'कार्पास' शब्दही असाच प्रवास करून ग्रीक भाषेत जाऊन बसला.

पहिल्या दिवशी आम्ही शहराच्या जुन्या भागात हिमरूच्या मागावर गेलो. हिमरूत सूत व रेशीम एकत्र विणतात. किनखाबासारखे दिसते म्हणून फारसीतील 'सारखे' या अर्थाच्या शब्दावरून त्यास हे नाव पडले, असे म्हणतात. विणकर वृद्ध होते. त्यांनी आदराने बसविले, चहा दिला व मागाची एकेक दोरी ओढून वेल कशी उमटते ते दाखविले. ताण्याचे सूत कोठून येते असे विचारताच त्यांनी पुडके पुढे केले. त्यावर गिरणीचे नाव होते आणि सुताचा नंबर होता. "मास्तरसाहेब," ते म्हणाले, "नंबर सांगू शकतो, गाव नाही सांगू शकत."

हे काही आजचे नव्हे. या शहरात 1889 साली सूतकताईची गिरणी निघाली व तीत सुमारे 700 माणसे कामास लागली. 1900 साली मनमाड ते हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि जालना व औरंगाबाद येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. तेव्हापासून जवळचा कापूस दूर जाऊ लागला व दूरचे सूत जवळ येऊ लागले. विणकराची व कापूसकऱ्याची तोंडओळख तेथेच सुटली.

दुसऱ्या दिवशी फुलंब्रीच्या बाजूस एक जिनिंग पाहिले. फाटकाबाहेर ट्रॅक्टर व टेम्पो यांची रांग होती. वजनकाट्यावरून उतरलेला कापूस अंगणात ओतला जात होता. एक गाडी रिकामी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. आणि पाहता पाहता तिघांचा कापूस एकाच पांढऱ्या टेकडीत नाहीसा झाला. तेथील मुकादम आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील निघाले. आमचा प्रश्न ऐकून ते हसले व म्हणाले, "गुरुजी, ढिगात नाव राहत नसतं."

त्यांनी हिशेब समजावून दिला. एक क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकीची सरकी. आपल्याकडील गाठ 170 किलोची. म्हणजे एका गाठीस सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. लहान शेतकऱ्याच्या एका वेचणीचा माल पुष्कळदा एका गाठीलाही पुरत नाही. त्यात खेडा-खरेदी करणारा व्यापारी दारोदार माल गोळा करून आधीच एकत्र करतो. तेव्हा ढीग होणे हा कोणाचा लबाडपणा नव्हे. तो लहान शेतीचा व मोठ्या यंत्राचा स्वाभाविक परिणाम होय. परंतु धाग्याचा माग हरवतो तो नेमका येथे.

हा माग राखण्याचे यत्न जगात चालू आहेत, आणि त्यांचे प्रकार दोन आहेत. एकात चांगल्या रीतीने पिकविलेला कापूस आरंभापासून वेगळा ठेवतात. दुसऱ्यात केवळ वजनाचा ताळा राखतात. आपण पेढीत ठेवलेली नोट व पुढे काढलेली नोट एकच नसते, जमाखर्च तेवढा जुळतो. तद्वत् चिठ्ठी खरी असूनही अंगावरचा धागा त्या शेतातला असेलच असे नाही. 'बेटर कॉटन' या संस्थेचा व्यवहार अनेक वर्षे या दुसऱ्या रीतीनेच चाले. 2023 साली तिने माल वेगळा राखून माग ठेवण्याची सोयही सुरू केली. आपल्या देशाच्या 'कस्तुरी कॉटन भारत' या योजनेत जिनिंगमध्येच गाठीला सांकेतिक खूण लावतात. सेंद्रिय मालास तर प्रत्येक हस्तांतराचा दाखला लागतो. परंतु दाखला म्हणजे कापूस नव्हे. 2020 साली सेंद्रिय वस्त्रांचे मानक राखणाऱ्या 'गॉट्स' या जागतिक संस्थेस भारतात सुमारे 20,000 टन कापसाचे खोटे दाखले आढळले होते. कागदाच्या मुळाशी कोणी तरी शेतात जाऊन पाहिलेले असावे लागते.

म्हणून तिसऱ्या दिवशी शेत. आणि येथे वाचकांपाशी एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. पैठण तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. ती एका कुटुंबाकडे बटईने असून तीत वर्षानुवर्षे कापूसच होतो. दुसऱ्याच्या कापसाची चौकशी करीत आम्ही दोन दिवस हिंडलो, पण स्वतःच्या बांधावर चार वर्षांत पाऊल टाकले नव्हते.

वेचणी चालू होती. बायका ओटीत कापूस भरीत पुढे सरकत होत्या. वाटेकऱ्याने बाभळीखाली घोंगडे अंथरले. आम्ही विचारले, "यंदा फवारण्या किती?" तो म्हणाला, "पाच." सरकीचे बी बीटी होते. ही जात देशात 2002 साली आली व आता जिकडे तिकडे तीच आहे. तरी गुलाबी बोंडअळी तिला जुमानीत नाहीशी झाल्यापासून औषध वाढले आहे. फवारताना तोंडाला काय बांधतोस, असे विचारता त्याने खांद्यावरचा पंचा दाखविला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, ते वृत्त आम्ही ओसरीवर बसून वाचले होते व हळहळलो होतो. आपल्या शेतात काय बांधून फवारतात, हे विचारावयाचे तेव्हाही सुचले नव्हते.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, आजवर तुम्ही किती झाला एवढंच इचारलं. कसा झाला, हे आज पहिल्यांदा इचारलं." त्याच्या बोलण्यात रोष नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

तेथेच बसून बोलणे झाले. देशी वाणाचे बी घरचे राखता येते, त्याच्यावर रोगराई कमी येते, पण धागा आखूड म्हणून व्यापारी भाव पाडतो. सेंद्रिय दाखल्यास किमान दोन वर्षे थांबावे लागते आणि त्या वर्षांत उतारा घटला तर पोट कोणी भरायचे, हा त्याचा सवाल रास्त होता. अखेर असे ठरले की पुढील हंगामात एक एकर देशी वाण पेरावे, निंबोळी अर्क व कामगंध सापळे यांवर भिस्त ठेवावी, आणि त्या एकराचे नुकसान आले तर ते आमच्या वाट्यातून वजा व्हावे. उरलेल्या पाच एकरांसाठी मुखवटा, हातमोजे व चष्मा आम्ही लगेच घेऊन द्यावयाचे. पेरणीपासून विक्रीपर्यंतची नोंद त्याच्या सातवीतल्या मुलीने वहीत करावी, असेही ठरले. वही आम्ही पाठविली आहे.

निघताना वाटेकऱ्याने काकूंच्या वातींसाठी म्हणून पिशवीभर कापूस दिला. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तो हातात घेऊन पाहिला व विचारले, "कोणाच्या शेतातला?" या वेळी उत्तर देता आले. "आपल्या," आम्ही म्हणालो. "यावर फवारले होते का?" पाच वेळा, हेही सांगावे लागले. त्यांनी पिशवीचे तोंड बांधून ती माळ्यावर ठेवली, आणि वातींसाठी पुढच्या वर्षीच्या कापसाची वाट पाहू, असे म्हणून त्या बाळाकडे वळल्या.