मामांची मस्टँग

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो खरे. पण सोनाराच्या दुकानात घटकाभर बसून पाहावे. तेथे येणारी निम्मी माणसे जुने मोडून नवे करायलाच आलेली असतात. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या होतात आणि त्यात आजीचा अपमान झाला असे कुणालाही वाटत नाही. पैठणीचेही तेच. रेशीम विरले, की काठ-पदर उसवून नव्या कापडावर लावायचे आणि लग्नात चारचौघींना सांगायचे, “ही माझ्या सासूबाईंची हो!” कापड नवे, शिवण नवी, मग सासूबाईंचे उरले काय, असा आडवा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मोटारींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि चांगला तावातावाने विचारला जातो, हे मला गेल्या मे महिन्यात अमेरिकेत कळले. मी कॉलेजात मराठी शिकवते. मोटारीतले मला इतकेच समजते, की ती चालू झाली म्हणजे आपण बसायचे. पण माझे मामा डेट्रॉइटजवळ राहतात. १९६८ साली ते शिकायला म्हणून तिकडे गेले आणि मोटारींच्याच कारखान्यात जन्म काढून तिथलेच झाले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. तिचे काय करायचे यावरून बापलेकांत वाद पेटला होता, आणि मी सुट्टीला म्हणून गेलेली, नेमकी त्या वादात जाऊन पडले.

या मस्टँगची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. लांब नाक, आखूड पाठ, पुढच्या जाळीत चौखूर दौडणारा घोडा आणि किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि दोन वर्षे पुरी व्हायच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. स्वस्ताईचे रहस्य असे, की आतले पुष्कळसे सामान फोर्डच्याच फाल्कन नावाच्या साध्या, संसारी गाडीचे होते. मामा म्हणतात, “दर्शन उच्चैःश्रव्याचे, पण पोटात टांग्याचा घोडा!” तिच्या आधी १९५३ साली शेव्हरलेची कॉर्व्हेट निघाली होती. तिचे अंग पत्र्याचे नव्हे, तर फायबरग्लासचे. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या झाल्या, आणि त्या साऱ्याच्या साऱ्या पांढऱ्या, आतून लाल. त्या श्रीमंताच्या गाडीकडे पाहून उसासे टाकणाऱ्या कारकून-मास्तरांना मस्टँगने दिलासा दिला.

मामांनी आपली गाडी १९७१ साली जुन्या बाजारातून घेतली. पुढे दोन वर्षांनी लग्न होऊन मामी आल्या. सदाशिव पेठेत लेडीज सायकलपलीकडे ज्यांनी काही चालवले नव्हते, त्या मामी या गाडीवर मोटार शिकल्या. रविवारी दुकाने बंद असत. त्यांच्यापुढच्या मोकळ्या पटांगणात मामा त्यांना चकरा मारायला लावीत. स्टिअरिंग इतके जड, की रात्री खांद्यांना तेल चोळावे लागे. पण थोड्याच दिवसांत मामी बर्फातून गाडी हाकत कामावर जाऊ लागल्या. चालकाची गादी एका बाजूला उसवली, तेव्हा त्यांनी ती काळ्या दोऱ्याने शिवली. तो टाका पाहिला आणि मी ओळखला. आमच्या आजीच्या गोधडीचा टाका तो!

मामी तीन वर्षांपूर्वी गेल्या. मामा आज ऐंशीचे आहेत. आणि मामा दर रविवारी ती गाडी बाहेर काढतात.

माझ्या मामेभावाचा जीव याच रविवारी टांगणीला लागतो. तोही इंजिनिअरच. त्याने मला कागदावर रेघा ओढून समजावून दिले. त्या वर्षीच्या मस्टँगला चारही चाकांना साधे ड्रम-ब्रेक, आणि चारही ब्रेकना तेल पुरवणारा मार्ग एकच. एक नळी फुटली, की चारही ब्रेक एकदम गेले. पुढे १९६७ च्या गाड्यांत कंपनीने दोन वेगळे मार्ग केले, म्हणजे एक गेला तरी दुसरा तारतो. पट्टे आहेत ते फक्त कमरेचे. “ताई, बाबांच्या शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा बसतो,” तो म्हणाला. यापुढे त्याने काही बोलायची गरज नव्हती.

त्याचे म्हणणे असे, की एक तर गाडी विकावी, नाही तर तिची ‘रेस्टोमॉड’ करावी. हा शब्द मी प्रथमच ऐकला. तो कळावा म्हणून त्याने आम्हांला अशा गाड्या विकणाऱ्या एका दुकानात नेले. दुकान कसले, मंगल कार्यालयच ते! ओळीने नवरदेव उभे करावेत तशा गाड्या उभ्या होत्या. कोब्रा, कॅमारो, मस्टँग, आणि १९६३ ची ती मागच्या काचेत उभी पट्टी असलेली कॉर्व्हेट. ती पट्टी एकच वर्ष टिकली, म्हणून आज तिचे मोल.

त्या गाड्यांत दोन जाती होत्या. पहिली जात सोवळ्याची. तिच्यात सारे जसे होते तसे असावे लागते. इंजिनावर ठोकलेला आकडा आणि गाडीचा आकडा जुळला, तर किंमत वाढते. म्हणजे येथेही पत्रिका जुळवतातच! दुसरी जात रेस्टोमॉडची. वरून १९६६; पण टोपण उघडावे, तर आत आजचे इंजिन. पेट्रोलची मात्रा कार्ब्युरेटर नव्हे, संगणक ठरवतो. चाकांना डिस्क-ब्रेक, हलके स्टिअरिंग, थंडगार हवा. एवढेच काय, जुन्या मस्टँगचे अख्खे पोलादी सांगाडे फोर्डच्या परवान्याने आज नवे बनवून मिळतात. एका गाडीपुढची किंमत वाचून मी मनात रुपये केले आणि घाईघाईने ते विसरले.

मामा मात्र गप्प होते. परत येताना एवढेच म्हणाले, “गाडी सुरेख होईल रे. पण ती ही नसेल.”

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जुंपली. मामांनी ‘बुलिट’ चित्रपटातली मस्टँग काढली. १९६८ च्या त्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली गाडी १९७४ साली न्यू जर्सीच्या एका कुटुंबाने सहा हजार डॉलरच्या आसपास घेतली. घरची बाई शिक्षिका. ती याच गाडीतून शाळेत जाई. पुढे जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडात लिलाव झाला, तेव्हा ३४ लाख डॉलरची बोली लागली. आणि तीसुद्धा रंग उडालेला, पोचे आलेले, गंज चढलेला असताना! “पोच्यांची किंमत ती!” मामा म्हणाले.

“आणि बोलिंग ग्रीनचे काय?” मुलगा म्हणाला. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला कॉर्व्हेटचे संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे तेथली जमीन खचली आणि आठ गाड्या त्या विवरात गडप झाल्या. साऱ्या बाहेर काढल्या. त्यांतल्या तीन दुरुस्त केल्या आणि पाच चेंगरलेल्या होत्या तशाच मांडून ठेवल्या. दुरुस्त केलेल्यांत १९९२ ची दहा लाखावी कॉर्व्हेट होती. ती उकलताना भागाभागांवर, ती जोडणाऱ्या कामगारांच्या सह्या निघाल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या सह्यांचे भाग जिवापाड जपले.

“म्हणजे बघ,” मामेभाऊ म्हणाला, “दुरुस्त केली म्हणून ती खोटी ठरली नाही.”

“सह्या राखल्या म्हणून नाही ठरली,” मामा म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, “तू मराठीची बाई. तुझ्या पोथ्यांत असला पेच येतच असेल. तू सांग काय करायचे ते.”

मी म्हटले, “मामा, पेच आमचाही जुनाच आहे. तीनशे वर्षांत नकला करता करता ज्ञानेश्वरीत पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपली भर घालू नये असे बजावून ठेवले. म्हणजे दुरुस्तीला त्यांची ना नव्हती. आपली हौस तीत मिसळायला होती. आजही संपादन करताना आम्ही एक पथ्य पाळतो. जो पाठ गाळला तो फेकायचा नाही, तळटीपेत द्यायचा. पुढच्या माणसाला वाटले, तर त्याने तो परत वर घ्यावा.”

मामा बराच वेळ ताटातल्या भाताशी चाळा करीत बसले. मग मुलाला म्हणाले, “ब्रेक बदल. दोन मार्ग कर, पुढे डिस्क लाव. खांद्यावरून येणारे पट्टे घाल, चौघांना. स्टिअरिंगला जोर लागणार नाही असे काय ते कर. माझेही खांदे आता दुखतात. इंजिनाला हात लावायचा नाही. गिअरला नाही. गादीला तर नाहीच. आणि जे जे काढशील ते खोक्यात घालून, चिठ्ठी लावून मला आणून दे.”

“आणि विकायचे?” मुलाने विचारले.

“ते मी गेल्यावर तू ठरव. खोके मात्र गाडीबरोबर द्यायचे.”

काम तीन आठवडे चालले. मी निघायच्या आदल्या रविवारी गाडी घरी आली. मामा पुढे बसले, शेजारी मी. मागे बापलेक, नव्या पट्ट्यांत आवळून. इंजिनाने जुन्याच खोकल्याने गळा साफ केला. त्याच बंद दुकानांच्या पटांगणात मामांनी वेग घेतला आणि एकदम ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. नातू आनंदाने ओरडला. मामेभावाने सोडलेला सुस्कारा मला पुढे ऐकू आला. मामांनी फक्त एका हाताने स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवून पाहिले आणि म्हणाले, “हे तेव्हा असते, तर तिला इतके तेल चोळावे लागले नसते.”

हे वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. जुन्या वस्तूंवर आपण प्रेम करतो, तेव्हा त्या वस्तू सोसणाऱ्या माणसांना पुष्कळदा विसरतो. चुलीवरची भाकरी गोड लागते ती धूर ज्याच्या डोळ्यांत जात नाही त्याला. उलट, सारेच सुखसोयीचे करून टाकले, म्हणजे त्या माणसांची खूणही पुसली जाते. काय बदलायचे हे ठरवायला यंत्राची माहिती लागते. काय राखायचे हे ठरवायला मात्र घरच्या माणसाची आठवण लागते.

परत आले, तर टेबलावर एक काम वाट पाहत होते. शंभर वर्षांपूर्वीचे एक गद्य पुस्तक मुलांसाठी नव्याने छापायचे आहे. १९६२ च्या नियमांनी बहुतेक अनुच्चारित अनुस्वार गेले. आजच्या मुलांना जुनी छपाई पाहिली की धडकी भरते. म्हणून लेखन नवे करायचे मी ठरवले आहे. प्रकाशक म्हणतात, अवघड शब्दही बदलून टाका. ते होणार नाही. शब्द लेखकाचे आहेत. ते राहतील, अर्थ तळाशी येईल. आणि जुन्या लेखनाची दोन पाने शेवटी जशीच्या तशी छापावीत, असे मी त्यांना कळवले आहे. कागदाचा खर्च वाढेल अशी त्यांची तक्रार आहे. वाढू दे. खोके पुस्तकाबरोबर द्यायलाच हवे.