आठ काढण्याआधीची वर्षं

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतल्या पुष्कळ घरांत मुलाची आणि दुचाकीची पहिली ओळख होते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहून, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून. दहाव्या-अकराव्या वर्षी हात मुलाचे आणि धाक मागे बसलेल्या वडिलांचा, अशी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. तेराव्या-चौदाव्या वर्षी रामनगरच्या नाहीतर संजयनगरच्या गल्लीतून दुधाची पिशवी आणायला ते एकटंच निघतं. घरातले त्याला गाडी चालवणं म्हणत नाहीत, 'इथल्या इथं गेलाय' म्हणतात. दहावीचा निकाल लागला की तीच गाडी जालना रस्त्याला लागते आणि क्लासला पोचते, मागे एक मित्र, कधी दोन. सरकारदरबारी मात्र या मुलाच्या गाडी शिकण्याची पहिली नोंद होते ती अठरा पूर्ण झाल्यावर, लर्निंग काढताना. तोवर शिकायचं ते सगळं शिकून झालेलं असतं, चुकीचं ते आधी. आपल्याकडची परवान्याची व्यवस्था म्हणजे शिक्षण संपल्यावर उघडणारी शाळा आहे, असं मला ठामपणे वाटतं. ती दोन वर्षं आधी उघडली पाहिजे आणि दोन वर्षं उशिरा मिटली पाहिजे.

अकरावी-बारावीची दोन वर्षं नेमकी सोळा ते अठरा या वयात येतात. स्टेशन रोडवरचं देवगिरी कॉलेज असो की औरंगपुऱ्यातलं सरस्वती भुवन, मुकुंदवाडीच्या मुलाला शहराच्या दुसऱ्या अंगाला जावं लागतं. कॉलेज एकीकडे, क्लास दुसरीकडे आणि मधल्या वेळेचा मेळ बसवायचा. वडील चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टवर, आई कामावर किंवा घरात अडकलेली. मुलांनी मोठ्यांची कामं करणं या वस्तीला नवं नाही. २०१९च्या दुष्काळात मुकुंदवाडी स्टेशनवरून लहान मुलं रिकामे कॅन घेऊन पॅसेंजर गाडीत चढायची आणि तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनच्या नळावरून पाणी भरून आणायची. त्याच्या बातम्या परदेशी वृत्तसंस्थांनीही दिल्या. ती मुलं नऊ-दहा वर्षांची होती. अठराचा नियम करताना कायद्याने असं घर गृहीत धरलं आहे, जिथे मुलाला नेण्या-आणण्यासाठी एखादा मोठा माणूस मोकळा असतो. मुकुंदवाडीत असा माणूस दुर्मीळ आहे. म्हणून नियम मोडणाऱ्या मुलाला उनाड आणि त्याच्या आईबापांना बेफिकीर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

मुळात १९८८चा मोटार वाहन कायदा इतका आंधळा नाही. त्याच्या चौथ्या कलमात सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी एक वाट ठेवलेली आहे: पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी. सातव्या कलमानुसार अठराखालच्या मुलाला बिनगिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन हवं असेल, तर पालकाची लेखी संमती लागते. म्हणजे हलकी गाडी, कमी वेग आणि पालकाची सही. विचार शहाणपणाचा होता आणि त्या काळाला साजेसाही होता. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेली पन्नास सीसीची लूना तेव्हा घरोघरी होती. पुढे लूना गेली, तिच्या जातीच्या गाड्या गेल्या, आणि आज दुकानात मुलांना आवडणाऱ्या ज्या स्कूटर उभ्या असतात त्या शंभर सीसीच्या वर आहेत. कलम राहिलं, त्यात बसणारी गाडी राहिली नाही. ज्या शहराच्या वाळूजमध्ये १९८५पासून बजाजच्या दुचाकी तयार होतात, त्या शहरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला कायद्याने चालवता येईल अशी पेट्रोलची गाडी शोधून सापडत नाही. अडतीस वर्षांपूर्वीची एक मर्यादा आपण नव्या काळाशी जुळवून घेतली नाही, त्याची ही किंमत आहे.

तिच्या जागी आली ती दुसऱ्या टोकाची सोय. पाव किलोवॉटहून कमी ताकदीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली बॅटरीवरची गाडी नियमांच्या लेखी मोटार वाहनच नाही. तिला नंबर नको, लायसन नको. पालक हौसेने ती घेऊन देतात, आणि काही ठिकाणी तिचा वेग परस्पर वाढवूनही मिळतो. म्हणजे सोळाव्या वर्षी मुलापुढे दोनच पर्याय उरतात: ज्याला काहीच शिकावं लागत नाही ते वाहन, किंवा जे चालवणं गुन्हा आहे ते वाहन. मधली पायरी गायब. युरोपात ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या मोपेडचा स्वतंत्र परवाना आहे आणि बहुतेक देशांत तो अठराच्या आधीच मिळतो. आपल्या कलमातला 'पन्नास सीसी' हा शब्द काढून तिथे वेगाची आणि मोटारीच्या ताकदीची मर्यादा घातली, तर हरवलेली पायरी परत बसवता येईल.

आता अठराव्या वर्षी काय घडतं ते पाहू. २०२१च्या जूनपासून महाराष्ट्रात लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. आधारवरून ओळख पटवायची, दीडशे रुपये परवान्याचे आणि पन्नास परीक्षेचे भरायचे, सुरक्षेची चित्रफीत चालू द्यायची आणि पर्यायांवर टिचक्या मारायच्या. साठ टक्के बरोबर आले की पास. खेपा वाचल्या हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण टिचक्या कुणाच्या बोटाने पडल्या हे कळायला मार्ग नाही. लर्निंग सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनसाठी जाता येतं. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा, परवानाधारक शिकवणारा सोबत हवा आणि दुचाकीवर त्याच्याशिवाय दुसरं कुणी बसवायचं नाही, असा १९८९च्या केंद्रीय नियमावलीतला तिसरा नियम आहे. नियम वाचला की तो चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्याचं जाणवतं. शिकवणाऱ्याने गाडी थांबवता येईल अशा जागी बसावं, असं तो सांगतो. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाच्या हाताशी कुठला ब्रेक असतो? ड्रायव्हिंग स्कूलकडे जावं तर त्यांच्या दारात दुहेरी ब्रेकच्या मोटारी उभ्या असतात, दुचाकी शिकवणारे विरळाच. २०२१च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत हलक्या चारचाकीसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिला. ज्या वाहनावर आपल्याकडे सर्वांत जास्त माणसं मरतात ते शिकण्यासाठी असं वेळापत्रक कुणी सहसा हातात ठेवत नाही.

मग येतो तो पक्क्या लायसनच्या चाचणीतला 'आठ'. एमएच-२०च्या आरटीओ कार्यालयात मुलगा येतो तो बहुधा स्वतःच गाडी चालवत. हेल्मेट डोक्यावर चढतं ते फाटकाशी. खुणांच्या मधून पाय न टेकवता आठ काढायचा, निरीक्षकाने पाहायचं, आणि मिनिटभरात निकाल. आठमध्ये कळतो तो तोल. पण मुकुंदवाडीच्या मुलाचा तोल कधीच उत्तम झालेला असतो. त्याला येत नाही ते वेगळंच आहे: गल्लीतून जालना रस्त्यावर गाडी आणताना उजवीकडून येणाऱ्या बसचा वेग जोखणं, दुभाजकाचा कट लांब आहे म्हणून राँग साइडने न जाणं, ओल्या डांबरावर पुढचा ब्रेक किती दाबायचा, मागे मित्र बसला की थांबायला किती जास्त अंतर लागतं. २०२५च्या जूनमध्ये महापालिकेने मुकुंदवाडीतली जालना रस्त्यालगतची बांधकामं पाडली. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेगही वाढतो, म्हणजे हे सगळं येणं आता आणखी निकडीचं आहे. यातलं काहीही न पाहता दिलेला परवाना चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. मधली बावीस वर्षं या माणसाला पुन्हा कुणी तपासत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, शिकवण्या-बिकवण्याचं सोडा, पालकांना धाक घाला. धाक आहे की. २०१९च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं: अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा हे कलम घराघरांत पोचलं. त्या प्रकरणात कायदा कमालीचा कठोर व्हावा असं मलाही वाटतं. पण तेच कलम कंत्राटी कामगाराच्या स्कूटरवर लावून पाहा. पंचवीस हजार म्हणजे महिन्याच्या पगाराहून जास्त, आणि वर्षभर गाडी बंद म्हणजे शिफ्टला जायची सोय बंद. इतकी जड शिक्षा समोर दिसली की पोलिसाचाही हात आखडतो, आणि न वापरलेल्या शिक्षेचा धाक उरत नाही. शिवाय पालकांना खरोखर सांगायला हवी ती गोष्ट कुणी सांगत नाही. विनापरवाना मुलाच्या हातून कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम दंडाच्या कितीतरी पट असते आणि त्यात घर विकावं लागू शकतं. कैदेच्या भाषेपेक्षा हा हिशेब घरात लवकर कळेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सोळाव्या वर्षी मोकळीक दिली तर मृत्यू वाढतील. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेली माणसं पन्नास हजारांहून जास्त. वय खाली आणलं की धोका वाढतो, हा जगाचा अनुभव आहे. न्यूझीलंडमध्ये पंधराव्या वर्षी परवान्याची सुरुवात होत असे, ती त्यांनी २०११मध्ये सोळावर नेली. पण त्याच देशाने १९८७पासून परवान्याच्या तीन पायऱ्या केल्या: शिकाऊ, मर्यादित आणि पूर्ण. मधल्या पायरीवर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि सोबत देखरेख करणारा नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी हीच पद्धत नव्वदच्या दशकात उचलली आणि सोळा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात ठळकपणे कमी झाले. कारण उघड आहे: या वयात रात्र आणि मित्र, दोन्ही धोका वाढवतात. आपल्याकडे ट्रिपल सीट हा केवळ दंडाचा विषय मानला जातो, तो खरं तर वयाचा विषय आहे. म्हणून माझी मागणी मोकळीक वाढवण्याची नाही. सोळाव्या वर्षी ताशी पंचेचाळीसच्या आतली गाडी, दिवसाउजेडी, एकट्याने, हेल्मेटसह. अठराव्या वर्षी मोठी गाडी, पण मागे मित्र नाही. आणि पूर्ण परवाना विसाव्या वर्षी, दरम्यान दंड नसेल तर. हिशेब केला तर आजच्यापेक्षा ही व्यवस्था जास्त कडक आहे, कारण आज अठराव्या वाढदिवसानंतर महिन्या-दीड महिन्यात सगळंच मिळतं.

बस वाढवा, हा तिसरा आक्षेप. तो मला पूर्ण मान्य आहे. जानेवारी २०१९पासून शहरात स्मार्ट सिटीची बस धावते आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलासाठी बसहून सुरक्षित वाहन नाही. पासची रक्कम परवडणारी ठेवून क्लास सुटायच्या वेळेला बस मिळाली, तर निम्म्या गाड्या घरी राहतील. पण बस गल्लीत येत नाही, आणि बसने जाणारं मूलही पुढे-मागे दुचाकी शिकणारच आहे.

राहिला प्रश्न शिकवायचं कुणी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तासांचा सराव वहीत नोंदवावा लागतो आणि सोबतच्या मोठ्या माणसाची सही घ्यावी लागते. आपल्या सातव्या कलमातल्या पालकाच्या संमतीला असं खरं काम देता येईल. एकदा अर्जावर सही करण्याऐवजी तीस-चाळीस तासांच्या सरावावर सही. मात्र कित्येक घरांत आईला गाडी येत नाही आणि वडिलांनी स्वतः पक्कं लायसन कधी काढलेलं नसतं. तिथे हे काम कनिष्ठ महाविद्यालयांकडे आलं पाहिजे, अकरावीच्या वर्षात, मैदानावर, मुलगे आणि मुली दोघांसाठी. आरटीओची शिबिरं तालुक्याच्या गावी भरतात आणि निरीक्षक तिथे जाऊन चाचण्या घेतात. तसंच एक शिबिर महिन्यातून एका रविवारी मुकुंदवाडीत भरवायला नवा कायदा लागत नाही. मैदानात आठ काढून झाला की तिथल्याच एखाद्या गल्लीच्या तोंडाशी निरीक्षकाने उभं राहावं आणि मुलगी जालना रस्त्याला गाडी कशी लावते, ते पाहावं.